स्पॉटच्या झोतातला भुसा

संगीत नाटकाची रंगीत तालीम होती. दुसऱ्या अंकातला वाड्याचा दरवाजा चौकटीत अडकत होता, म्हणून मिस्त्रींनी विंगेतच सँडर लावून त्याची कड पाच मिनिटं घासली. दरवाजा सुटला. तेवढ्यात प्रकाशयोजना बघणाऱ्या मुलाने वरून स्पॉट टाकला आणि त्या झोतात भुसा दिसला. धूर कोंडावा तसा तो रंगमंचाच्या मधोमध तरंगत होता, खाली बसायचं नाव घेत नव्हता. पदासाठी उभी राहिलेली गायिका वरच्या षड्जाला पोचली आणि तिथेच खोकली. पाणी प्यायली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकली. मग पेटीवाल्यांना हातानेच थांबवून ती विंगेकडे वळली. "मिस्त्रीकाका, उद्या प्रयोग आहे हो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच ते लागलं. सेट बांधून देण्याचं काम माझं. परळच्या आमच्या गाळ्यात रोज याच्या शंभरपट भुसा उडायचा, पण तो मी असा कधी पाहिलाच नव्हता. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तो दिसत नाही. संध्याकाळी झाडूने गोळा होतो तोच भुसा, अशी माझी समजूत होती. खरं तर जमिनीवर पडला तो भुसा आपल्या नाकातोंडात गेलेला नसतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. त्याहून जाड कण लगेच खाली येतात. दोन-तीन मायक्रॉनचे कण मात्र तासन्‌तास हवेत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. झाडू मारला की बसलेलेही पुन्हा उठतात.

मिस्त्री मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "तीस वर्सां हो भुसो खातंय. माका काय झाला?" पण सकाळी गाळ्यात आल्यावर पहिली दहा मिनिटं त्यांचा खोकला ऐकू यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या महिन्यात त्यांच्या नाकातून रक्त आलं. मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच त्यांचे हात पाहिले आणि विचारलं, "सुतारकाम करता का? सागवान, शिसव, एमडीएफ?" निदान साधं निघालं, नाकाची आतली त्वचा सुकून सोलली होती. पण त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथल्या एझ्मी हॅडफिल्ड या नाक-घशाच्या शल्यविशारद बाईंना 1960च्या दशकात जाणवलं, की नाकाच्या पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे पुन्हापुन्हा येतोय आणि येणारे रुग्ण फर्निचर कारागीर आहेत. डोनाल्ड अ‍ॅचेसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पुढे 1995मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात नोंदवला. परतीच्या टॅक्सीत मिस्त्री काही बोलले नाहीत. परळ आल्यावर म्हणाले, "मशीन जोडूक येतला काय?"

भुसा ओढायला आधी घरचा व्हॅक्युम आणला. सँडरच्या मागच्या तोंडाला त्याची नळी चिकटपट्टीने गुंडाळली. दहा मिनिटं छान चाललं, मग ओढच गेली आणि यंत्राला जळकट वास यायला लागला. घरच्या व्हॅक्युममध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड ठेवते. बारीक भुशाने पिशवीची छिद्रं बुजली की हवा थांबते आणि मोटर तापते. मग कोरडं-ओलं दोन्ही ओढणारा कारखान्याचा व्हॅक्युम घेतला. त्याची मोटर थंड करायची हवा वेगळ्या वाटेने येते. इथून पुढे सोपं असेल असं वाटलं होतं.

पण खरी लढाई तोंडांची निघाली. आमच्या एका सँडरचं तोंड 27 मिलिमीटर, दुसऱ्याचं 35, गोल करवतीचं याहून निराळं, आणि व्हॅक्युमची नळी 32. शिवाय कुठलं माप आतलं, कुठलं बाहेरचं, हे ज्याच्या त्याच्या मनावर. एका कंपनीची दोन यंत्रंही एकमेकांशी जुळत नव्हती. मी व्हर्निअर घेऊन सगळ्यांची मापं वहीत उतरवली आणि नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे रबरी नळ्या, क्लिप, पट्टे यांच्या दुकानांची रांग आहे. एका दुकानदाराने माझी वही बघितली आणि म्हणाला, "शेठ, यातलं एकही माप जुळणारं मिळणार नाही. पीव्हीसी पाइप न्या आणि गरम करा."

तो सल्ला लाखमोलाचा ठरला. नळकामाचा साधा पीव्हीसी पाइप हॉट एअर गनने मऊ होईपर्यंत तापवायचा, यंत्राच्या तोंडावर हळूच सरकवायचा आणि तसाच थंड होऊ द्यायचा. तो त्या तोंडाचा साचाच घेतो. निमुळतं तोंड असेल तर निमुळता होतो. जास्त तापवला तर मात्र यंत्राचं प्लास्टिकही वितळतं, आणि धूर नाकात जाऊ द्यायचा नसतो, म्हणून हे काम गाळ्याबाहेर. जिथे फट राहिली तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून वरून क्लिप. मिस्त्रींचा हात यात इतका बसला की दोन आठवड्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःचा जोड मिळाला. प्रत्येकावर त्यांनी मार्करने यंत्राचं नाव लिहिलं आणि खिळ्यांच्या फळीवर ओळीने टांगले. त्या फळीवर माझं आजही प्रेम आहे.

तरीही सँडरमधून धूळ यायचीच. दोन दिवस आम्ही जोड तपासत बसलो. शेवटी नवीन पोराच्या लक्षात आलं. सँडरच्या गोल गादीला आठ भोकं होती, पॉलिश पेपरलाही आठ होती, पण पेपर लावताना ती एकमेकांवर आणलीच नव्हती. भुसा ओढला जातो तो त्या भोकांतून. पेपर एवढासा फिरवला आणि धूळ थांबली. याउलट ओढ फार वाढवली की सँडर फळीला चिकटतो आणि पॉलिश केल्यावर गोल ओरखडे उठून दिसतात. म्हणून नळीला एक छोटी खिडकी ठेवून तिथून थोडी हवा आत सोडायची, हे आम्ही एक आख्खा पलंग पुन्हा घासल्यावर शिकलो.

2018मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि गणपतीच्या देखाव्यांसाठी आमच्याकडे थर्माकोलच्या जागी एमडीएफचे ढीग लागायला लागले. बंदी योग्यच होती. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू फॉर्माल्डिहाइडच्या राळेने दाबून बसवलेले. त्याचा भुसा पिठासारखा. पिशवी एका दुपारी भरायची. तेव्हा रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीवर आम्ही चक्रीवाला शंकू बसवला. हवा त्यात गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून बादलीत पडतो आणि हलकी हवा वरून व्हॅक्युमकडे जाते. पिशवी महिनाभर टिकायला लागली. एकदा मात्र नळीत ढलपी अडकली आणि गाळ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. आतली हवा ओढली गेली होती आणि बादली पिचकून चपटी झाली होती. त्या जागी पत्र्याचा ड्रम आला.

विजेचं एक सांगायला हवं. व्हॅक्युम 1200 वॅटचा, लाकडात खाचा पाडणारा राउटर 1000 वॅटचा. दोन्ही मिळून साडेनऊ अँपियरच्या वर जातात, आणि 6 अँपियरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावून दोन्ही चालवले की वायर गरम होते. एका नाट्यगृहात प्रयोगाआधी तासभर आमच्यामुळे अर्ध्या रंगमंचाची वीज गेली. आता आम्ही 16 अँपियरशिवाय जोडत नाही. व्हॅक्युमवरच सॉकेट असलेला प्रकार पुढे घेतला. यंत्राचं बटण दाबलं की तो सुरू होतो आणि यंत्र थांबल्यावरही काही सेकंद चालतो, म्हणजे नळीतला भुसा नळीत राहत नाही.

मुंबईच्या दमट हवेत आम्हाला स्थिर विजेची जाणीवही नव्हती. जानेवारीत विदर्भाचा दौरा होता. नागपूरला कोरड्या थंडीत पोरगा एमडीएफ कापत होता, आणि नळीला हात लागताच त्याला असा झटका बसला की राउटर हातातून सुटता सुटता वाचला. प्लास्टिकच्या नळीतून भुसा घासत जातो, भार साठतो. त्या रात्री मिस्त्रींनी नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळली आणि अर्थिंगला जोडली.

आणि एक प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. गणपतीच्या आदल्या रात्री मखराच्या मागचा लोखंडी सांगाडा ग्राइंडरने कापायचा होता. कोणीतरी, चांगल्याच हेतूने, ग्राइंडरलाही नळी जोडली. ठिणग्या नळीतून थेट भुशाच्या ड्रममध्ये गेल्या. आग लगेच दिसत नाही. भुसा आतून निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. पाऊण तासाने वास आला तेव्हा ड्रमचा पत्रा हात लावू नये इतका तापला होता. तो आम्ही चौघांनी गोणपाटं ओली करून बाहेर ओढला आणि पाणी ओतत राहिलो. आत झोपायला राहणारी दोन पोरं होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी लोखंड कापायच्या ग्राइंडरला लाल पट्टी मारली आणि त्याचा जोड फळीवरून काढून फेकून दिला. लोखंड कापायचं ते बाहेर, नळीशिवाय. ड्रम रोज रात्री रिकामा, बाहेर.

गाळ्यातलं कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणंही बंद केलं. त्याला सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण घामावर ती हवा गार लागते. तिथे मी ऐकून घेतलं नाही. राउटरने वरून खाच पाडताना अर्धा भुसा अजूनही सुटतो, तिथे एन-95 मास्क लागतोच.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्रींनी स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. नाटकातून काढलेला जुना स्पॉट त्यांनी गाळ्यात एका खांबाला बांधला. नवीन जोड केला की ते बाकीचे दिवे घालवतात, यंत्र चालू करायला सांगतात आणि झोत आडवा टाकून यंत्राच्या पलीकडे, उजेडाकडे तोंड करून बसतात. डोळ्यांवर हाताचा आडोसा. झोत रिकामा दिसला तर जोड फळीवर जातो. परवा रात्री सँडरच्या डाव्या कडेला एक बारीक रेघ वर जाताना दिसली, अगरबत्तीच्या धुरासारखी. पोरगा म्हणाला, "मामा, एवढंसं चालतंय की." मिस्त्रींनी सँडर हातातून घेतला, जोड काढला आणि हॉट एअर गन घेऊन बाहेर गेले.