अपडेट आणि अपग्रेड : भाव काढणं वेगळं, माल उचलणं वेगळं

होस्टेलवर कोणीतरी सीनियर सांगतो म्हणून फर्स्ट इयरची मुलं लॅपटॉपवर उबुंटू टाकून घेतात. चार दिवसांनी एक खिडकी उघडते, अपडेट आले आहेत म्हणून. खाली नावं काय, तर ओपनएसएसएल, लिबसी6. आपण तर यातलं काहीच टाकलं नव्हतं! मग बहुतेक जण 'नंतर बघू' म्हणून खिडकी बंद करतात.

पॅकेज म्हणजे एक गाठोडं. त्यात प्रोग्रॅमच्या फाइल्स असतात आणि त्या प्रोग्रॅमला अजून कोणाकोणाची मदत लागते त्याची यादी असते. व्हीएलसी टाकला की सोबत अनोळखी वऱ्हाड येतं ते या यादीमुळे. ओपनएसएसएल त्या वऱ्हाडातलंच. इंटरनेटवरून जाणारा मजकूर कुलूपबंद करायचं काम त्याचं. 2012 साली आलेल्या आवृत्तीत एक भोक राहून गेलं होतं, 'हार्टब्लीड'. ते जाहीर झालं 7 एप्रिल 2014 ला. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा बाहेरच्याला वाचता येत होते. दुरुस्त पॅकेज लगेच आलं, पण ज्यांनी ते घेतलंच नाही त्यांचं भोक तसंच राहिलं. म्हणून नाव अनोळखी दिसलं तरी ते फालतू समजू नका.

आता खरा गोंधळ. 'सुडो एपीटी अपडेट' चालवलं, भराभर ओळी पळाल्या, की नवीन माणसाला वाटतं झालं काम. झालेलं काहीच नसतं! आमच्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार आहे. तिथे व्यापारी आधी भाव काढतो, मग माल उचलतो. 'अपडेट' म्हणजे नुसता भाव काढणं, कोणत्या पॅकेजची नवी आवृत्ती आली याची यादी आणणं. माल उचलतं ते 'सुडो एपीटी अपग्रेड'. विंडोजमध्ये अपडेट म्हणजेच माल घेणं, त्यामुळे हा घोळ होतो. नावं ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता, असं माझं तरी मत आहे.

डेटा पॅकची काळजी असेल तर घाबरू नका. किती एमबी उतरवायचे ते अपग्रेड आधी दाखवतं आणि मगच हो की नाही विचारतं. काही पॅकेजेस 'केप्ट बॅक' दिसली तर तो एरर नव्हे. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, बऱ्याचदा तुमचा नंबर यायचा असतो एवढंच. 'कुड नॉट गेट लॉक' आलं तर दुसरा कोणीतरी, बहुधा मागे चालणारा अपडेटरच, काम करतोय. थोडं थांबा. नेटवर बघून ती लॉकची फाइल उडवू नका.

आणि मध्येच लाइट गेली, बॅटरीही संपली तर? तर परत चालू झाल्यावर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, सगळी स्मॉल). अर्धवट बसलेली गाठोडी ते पुढे लावून घेतं.