शब्दाला जागलेले गाव

टेक्सास म्हटले की घोडेस्वार, तेलाच्या विहिरी आणि नजर पोचेल तिथवर पसरलेली कुरणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. सिनेमावाल्यांची ती कृपा! पण ऑस्टिन शहरातून पश्चिमेची वाट धरून मोटारीने दीडेक तास गेले, की चुनखडीच्या टेकड्या सुरू होतात, ओकची बुटकी झाडे दिसू लागतात, रस्त्याच्या कडेला पीचच्या बागा आणि अलीकडे लावलेले द्राक्षमळे लागतात. आणि मग एका गावाच्या तोंडाशी ‘विल्कोमेन’ असे चक्क जर्मन भाषेत आपले स्वागत होते. हे फ्रेडरिक्सबर्ग. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे ११ हजार.

“तिथे काय पाहायचे आहे हो? पीच खायची, वाइन प्यायची आणि परत यायचे!” ऑस्टिनचे आमचे एक स्नेही मला म्हणाले. शनिवार-रविवारी इथे लोटणारी गर्दी नेमके तेच करते, हे खरे. पण मला ओढ होती ती एका तहाची. १८४७ साली या गावाने कोमँची इंडियनांशी एक तह केला. तो कधीच मोडला गेला नाही, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. गोऱ्या लोकांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी केलेल्या तहांची काय गत झाली ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे ऐकून नवल वाटल्याखेरीज राहणार नाही.

गावाच्या जन्माची कथाही विलक्षण आहे. १८४२ साली ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख येथे काही जर्मन संस्थानिक आणि सरदार जमले आणि आपल्याकडच्या लोकांना टेक्सासमध्ये नेऊन वसवण्यासाठी त्यांनी एक मंडळ काढले. टेक्सास त्या वेळी स्वतंत्र प्रजासत्ताक होते. दोन वर्षांनी या मंडळाने लॅनो आणि कोलोरॅडो या नद्यांमधल्या ३० लाख एकरांहून अधिक मुलखात वसाहत करण्याचा हक्क विकत घेतला. जमीन कोणी डोळ्यांनी पाहिली होती म्हणाल, तर नाव नको! तो कोमँचींच्या शिकारीचा मुलूख होता, ही गोष्ट माणसे जाऊन पोचेपर्यंत कोणी फारशी मनावर घेतली नाही.

आणि माणसे तर निघाली होती. शेतकरी, सुतार, लोहार, शिक्षक, बायकापोरांसह. किनाऱ्यावर उतरून पाहतात तो पुढे न्यायला गाड्या नाहीत. १८४६ मध्ये अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले आणि होते नव्हते ते बैल आणि गाडीवान सैन्याने जादा भाड्याने ओढून नेले. पावसात, चिखलात, खोपट्यांतून माणसे खितपत पडली. साथी आल्या. शेकडो माणसे किनाऱ्यावर आणि वाटेवर मेली. या हालांतून सुमारे १२० जणांचा पहिला तांडा १६ दिवसांची वाट तुडवून ८ मे १८४६ रोजी पेदर्नालेस नदीच्या खोऱ्यात येऊन थांबला. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक मंडळाचा सभासद होता. त्याचे नाव गावाला दिले. मुख्य रस्ता मात्र इतका रुंद आखला, की बैलांच्या लांबलचक जोतांची गाडी जागच्या जागी वळावी. आज त्या रुंदीत मोटारी उभ्या राहतात आणि तरीही जागा उरते.

गाव वसवणारा होता ओटफ्रीड हान्स फॉन मॉयसेबाख. हा जर्मनीतला बॅरन. टेक्सासच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर त्याने सरदारकी सोडली आणि साधा जॉन मॉयसेबाख झाला. त्याच्या आधीचा मंडळाचा प्रतिनिधी एक राजपुत्र होता. त्याने पैशाचा जमाखर्च असा काही ठेवला होता की नव्या माणसाला हिशेब लावता लावता नाकी नऊ आले. मंडळाची तिजोरी रिकामी, वसाहतीत रोगराई, आणि उत्तरेला कोमँची. टेक्सासच्या सरकारने त्यांच्या मुलखात न जाण्याचा इशारा दिला. मॉयसेबाखने काय केले? १८४७ च्या जानेवारीत सुमारे ४० माणसे घेऊन तो नेमका तिकडेच निघाला. वय ३४. तांबूस दाढीवरून कोमँचींनी त्याला नाव दिले, ‘लाल सूर्य’.

सान साबा नदीकाठी मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत बोलणी झाली. म्हातारा घुबड, सांता ॲना आणि बफेलो हम्प हे मोठे नायक समोर होते. कोमँचींच्या छावणीत शिरताना या जर्मनांनी बंदुका आकाशात झाडून रिकाम्या केल्या, असे सांगतात. ही गोष्ट मला फार आवडते. शेकडो योद्ध्यांपुढे रिकामी बंदूक घेऊन उभे राहायचे, म्हणजे ‘आमचा जीव तुमच्या हाती’ एवढेच म्हणणे झाले. आणि ते समजायला दुभाषाची गरज पडत नाही. ठरले ते साधे होते. जर्मनांनी लॅनोच्या पलीकडे निर्धास्त जावे, जमिनीची मोजणी करावी. कोमँचींनी गावात निर्धास्त यावे. कुरापत काढणारा कोणी आढळला तर एकमेकांना कळवावे. बदल्यात ३ हजार डॉलर किमतीच्या वस्तू. ९ मे १८४७ रोजी फ्रेडरिक्सबर्गमध्ये सह्या झाल्या आणि कोमँची बाजाराला येऊ लागले. मूळ कागद पुढे युरोपात गेला होता. तो १९७० मध्ये मॉयसेबाखच्या नातीने परत टेक्सासला आणला.

बोलणी चालली असताना टेकड्यांवर रात्री कोमँचींच्या शेकोट्या दिसत. घाबरलेल्या पोरांना एका आईने सांगितले, “अरे, ईस्टरचा ससा फुलांच्या रंगात अंडी उकळतोय!” तेव्हापासून ईस्टरला टेकड्यांवर जाळ पेटवण्याची प्रथा पडली, अशी आख्यायिका आहे. ईस्टरचे जाळ मूळ जर्मनीतही पेटत, हे शहाणे लोक जाणतात. पण अशा वेळी शहाण्यांना कोण विचारतो!

आता तह मोडला नाही म्हणजे काय, हे जरा खोलात जाऊन पाहायला हवे. या गावाने आणि कोमँचींच्या त्या शाखेने एकमेकांना दगा दिला नाही, हे मानायला हरकत नाही. परंतु भोवतालचा प्रदेश त्या तहाने बांधलेला नव्हता. बोलण्यांच्या वेळी हजर असलेला इंडियनांचा सरकारी एजंट रॉबर्ट नेबर्स याच्यावरच १८५९ मध्ये त्यांना टेक्सासबाहेर घेऊन जाण्याची पाळी आली. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तावडीतून त्यांचे जीव वाचवायला दुसरा उपाय उरला नव्हता. त्यांना पोचवून परत आला, तोच एका गोऱ्याने त्याला गोळी घातली. कोमँचींची अखेरची टोळी १८७५ मध्ये शरण गेली. ज्यांच्याशी तह केला ते लोकच मुलखात उरले नाहीत. मग तो मोडणार कोण? गावातले कोणी हे असे बोलून दाखवत नाही. मला मात्र त्या रुंद रस्त्यावर हिंडताना हे सारखे आठवत होते.

या टेकड्यांवर हल्ले पुढेही होत राहिले. १८७० मध्ये उत्तरेकडच्या लॉयल व्हॅलीजवळून हर्मन लेमान नावाच्या दहा वर्षांच्या जर्मन पोराला अपाचींनी पळवून नेले. पुढे तो कोमँचींमध्ये राहिला. १८७८ मध्ये सैनिकांनी त्याला आईकडे आणून सोडले, तेव्हा पोरगा मातृभाषा साफ विसरलेला होता. बिछान्यावर झोपायला तयार होईना. तरुण वयात त्याला जर्मन पुन्हा शिकावी लागली.

दिलेला शब्द पाळण्याची किंमत या लोकांनीही एकदा मोजली. १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघायचे की नाही यावर टेक्सासमध्ये मतदान झाले. राज्याने फुटायचे ठरवले. या जिल्ह्यात मात्र फुटण्याच्या बाजूने मते पडली १६ आणि विरुद्ध ३९८! ज्या देशाशी निष्ठेची शपथ घेतली त्याच्यावर गुलामांच्या मालकांसाठी शस्त्र धरायला बहुतेकांचे मन तयार नव्हते. पुढच्या वर्षी सक्तीची भरती आली, तेव्हा साठाहून अधिक तरुण मेक्सिकोच्या वाटेने निघाले. १० ऑगस्ट १८६२ च्या पहाटे न्यूएसेस नदीच्या काठी दक्षिणेच्या घोडदळाने त्यांना गाठले. १९ जण लढताना पडले. नऊ जखमींना नंतर ठार करण्यात आले. हाडे तीन वर्षे उघड्यावर होती. युद्ध संपल्यावर नातलगांनी ती गोळा करून शेजारच्या कम्फर्ट गावात पुरली आणि १८६६ मध्ये वर एक दगडी खांब उभा केला. ‘संघराज्याशी निष्ठा’ अशा अर्थाचे तीन जर्मन शब्द त्यावर कोरले आहेत.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १८४७ च्या अष्टकोनी प्रार्थनागृहाची प्रतिकृती पाहा. हेच देऊळ, हीच शाळा, हीच चावडी. आणि आकारावरून लोक त्याला म्हणत ‘कॉफीचे जाते’. मूळ वास्तू १८९६ च्या सुवर्णमहोत्सवानंतर पाडली आणि मग चुटपूट लागून १९३५ च्या सुमारास पुन्हा उभारली. ‘रविवारची घरे’ तर चुकवूच नका. लांबच्या मळ्यांवरचे शेतकरी शनिवारी बाजाराला येत, रविवारी प्रार्थना आटोपून परतत. तेवढ्या एका रात्रीसाठी ही एक-दोन खोल्यांची घरे. माळ्यावर पोरे झोपत आणि जिना बाहेरून, म्हणजे आतली जागा वाया जायला नको!

याच गावात १८८५ मध्ये चेस्टर निमिट्झ जन्मला. बाप आधीच वारलेला. आजोबांचे इथे हॉटेल होते, दर्शनी भाग आगबोटीसारखा बांधलेला. समुद्रापासून कित्येक मैल दूर वाढलेला हा नातू दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आरमाराचा सेनापती झाला. हॉटेलच्या जागी आज त्या युद्धाचे मोठे संग्रहालय आहे आणि आवारात जपानी जनतेने १९७६ मध्ये भेट दिलेली बाग. आपल्याला त्याचे नाव आणखी एका कारणासाठी आठवावे. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने काश्मीरच्या नियोजित सार्वमताचा प्रशासक म्हणून याच निमिट्झची नेमणूक केली होती. ते सार्वमत कधी झालेच नाही. संग्रहालयात हिंडताना मला वाटले, कोमँचींशी झालेल्या तहाच्या गावचा माणूस श्रीनगरला पोचता तर काय झाले असते कोण जाणे!

एक गंमत सांगायची राहिली. कोर्टापासून पूर्वेला जाताना मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या रस्त्यांची नावे ओळीने वाचा: ॲडम्स, लॅनो, लिंकन, वॉशिंग्टन, एल्क, ली, कोलंबस, ऑलिव्ह, मेस्कीट, ईगल. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की होते ‘ऑल वेलकम’. पश्चिमेला गेलात की तशाच रीतीने निघते ‘कम बॅक’. आता स्वागत इंग्रजीत आहे, हे लक्षात आले ना?

जर्मन इथे पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. मग पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रूची भाषा ठरली. १९१८ मध्ये टेक्सासने शाळांत इंग्रजीची सक्ती केली. आईबापांनीच पोरांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. उरली ती म्हाताऱ्यांच्या तोंडी. ऑस्टिनच्या विद्यापीठाने २००१ पासून ही बोली ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. जर्मनीत न आढळणाऱ्या घाण सोडणाऱ्या स्कंकला या बोलीत ‘ष्टिंककात्से’, म्हणजे वासमारे मांजर म्हणतात. आणि पूर्वज विमान निघण्याच्या आधीच निघून आलेले, म्हणून विमान म्हणजे ‘लुफ्टशिफ’, हवेतले जहाज.

प्रार्थनागृहाच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मला हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. ऐंशीच्या घरातले, हातावर पीचच्या बागेतले ओरखडे. विद्यापीठाची माणसे त्यांच्याकडेही येऊन गेली होती.

“काय बोलायला सांगितले त्यांनी?” मी विचारले.

“काहीही बोला म्हणाले.”

“मग?”

“मग काय? पीचची छाटणी कधी करायची, ते सांगितले.”