'रन' दाबण्याआधी

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्रिज रेक्टिफायर असतोच. चार डायोड, एक कपॅसिटर, लोड. रीडिंग घ्यायची, जर्नलमध्ये उतरवायची, सही मिळवायची. आता अनेक ठिकाणी हाच प्रयोग संगणकावर होतो. चिन्हं ओढून आणायची, जोडायची आणि 'रन' दाबायचं. काही जळत नाही, प्रोब सुटत नाही, आलेख देखणा येतो. पण पूर्वी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरणारे आकडे आता पडद्यावरून उतरत असतील, तर बदललं काय? सिम्युलेशनने शिकवणं सुधारायचं असेल तर आधी प्रश्न बदलावा लागतो.

समजा, प्रश्न असा दिला: शेतीपंपाच्या कंट्रोल पॅनेलला 12 व्होल्ट, 100 मिलिअँपिअर अखंड हवेत. गावातल्या मोटारी सुरू झाल्या की 230 ची लाइन 190 वर येते. हाताशी 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि 7812 रेग्युलेटर आहे. चालेल का? अट एकच, 'रन' दाबण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं. 12 चं शिखरमूल्य सुमारे 17. वाटेतले दोन डायोड 1.4 खातात, उरले 15.6. 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साधारण 1 व्होल्टचा रिपल राहतो, म्हणजे तळ 14.6. 7812 ला आत सुमारे 14 लागतात, तेव्हा 230 वर जेमतेम निभावतं. 190 वर शिखरच 14, डायोडनंतर 12.6, रेग्युलेटर हात टेकतो. इथे सहज सुचणारा उपाय म्हणजे कपॅसिटर वाढवणं. 1000 चे 4700 करायला संगणकावर दोन सेकंद पुरतात, आणि दिसतं की रिपल जवळजवळ सपाट झाला तरी रेषा 12.6 च्या वर सरकत नाही. कपॅसिटर दरी बुजवतो, डोंगर उंच करत नाही. हे फळ्यावरही सांगता येतं. पण स्वतःचा लिहिलेला अंदाज डोळ्यांदेखत पडला की ते वेगळं कळतं. मग 15 चा ट्रान्सफॉर्मर लावायचा; 190 वरही तळ 15 च्या आसपास राहतो. लगेच पुढचा प्रश्न: मध्यरात्री लाइन 250 वर गेली तर? रेग्युलेटरवर नऊएक व्होल्ट पडतात, म्हणजे जवळपास 0.9 वॉट उष्णता. साध्या सिम्युलेशनमधला 7812 गार असतो. ब्रेडबोर्डवरच्याला हीटसिंक नसेल तर बोट टेकवता येत नाही.

म्हणून 'मग हातांना सोल्डरिंगची सवय कशी लागणार' हा आक्षेप मला चुकीच्या जागी केलेला वाटतो. संगणक टेबलाची जागा घेत नाही, टेबलावर काय शोधायचं ते ठरवून देतो. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला आकडा पूर्ण लोडचा असतो, कमी लोडवर व्होल्टेज चढं मिळतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील मूल्यापेक्षा 20 टक्के इकडेतिकडे असू शकतो. कागद, पडदा आणि मल्टिमीटर यांच्या आकड्यांत पडलेली तफावत समजावून सांगणं हेच खरं प्रॅक्टिकल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नवख्याला प्रश्नात ढकलून मार्गदर्शन आखडतं घेतलं तर तो कमी शिकतो, असं किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणसंशोधकांनी 2006 मध्ये मांडलं. त्यात तथ्य आहे. वरचा प्रश्नही डायोड आणि रिपल शिकवून झाल्यावरच उपयोगाचा. डेन्मार्कमध्ये 1974 साली स्थापन झालेलं आलबोर विद्यापीठ प्रकल्पांतून शिकवण्यासाठी ओळखलं जातं, पण तिथेही प्रकल्पांच्या जोडीने नेहमीचे तास असतातच. आणि वेळ? तो जास्त लागतोच. दहा प्रयोगांतले चार गाळावे लागतील, गाळावेत.

राहिला पडद्यावरच्या आंधळ्या विश्वासाचा धोका. नॉर्वेतल्या स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा अवाढव्य काँक्रीट पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळ चाचणीत बुडाला. संगणकीय विश्लेषणात रचनेचे तुकडे पाडणारी जाळी ढोबळ घेतल्याने भिंतींवरचा कातर ताण 47 टक्के कमी आला होता. बारकाईने पुन्हा गणित केलं तेव्हा भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती प्रत्यक्षात 65 मीटरवर फुटली होती. म्हणजे तंत्र बरोबर उत्तर देऊ शकत होतं. पहिलं उत्तर तपासायला शेजारी दुसरा अंदाज हवा होता. आपल्याकडच्या छापील जर्नलमध्ये निरीक्षणाचा तक्ता असतो, आकडेमोडीला जागा असते, निष्कर्षाला दोन ओळी असतात. अंदाजाचा रकाना सहसा नसतो.