बारामतीत दिसलं, शाळेत का नाही?

मुलांनो, आज एक कोडं घालते. २६ जानेवारीची सकाळ. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आमचीच नवी वेबसाइट काही केल्या उघडेना. आणि त्याच वेळी तिकडे बारामतीत मात्र ती झकास उघडली! असं कसं झालं असेल?

सांगते. आमच्या चौथीच्या मुलांनी उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची वही तयार केली होती. रोहित, चित्रबलाक, राखी बगळा, सगळी मंडळी तिच्यात होती. ही वही वेबसाइटवर ठेवून झेंडावंदनानंतर गावाला दाखवायची, असं मी कबूल केलं होतं. एका मुलीचे आजोबा बारामतीला दवाखान्यात होते. नातीनं काढलेला रोहित ते मोबाइलवर बघणार होते.

आता जरा आतली गंमत पाहू. इंटरनेटवरचे कॉम्प्युटर एकमेकांना क्रमांकाने शोधतात. हा क्रमांक २०३.०.११३.२५ असा काहीतरी असतो. पण आपल्या लक्षात राहतं नाव. म्हणून नावावरून क्रमांक सांगणारं कुणीतरी हवं. सुरुवातीला सगळ्या कॉम्प्युटरची नावं अमेरिकेत एकाच यादीत लिहीत. कॉम्प्युटर वाढले, तशी ती यादी सांभाळणं अवघड झालं. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस.

ही पद्धत आपल्या पिन कोडसारखी आहे बरं का! श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. इंदापूरचा पिन ४१३१०६ आणि बारामतीचा ४१३१०२. पहिला ४ सांगतो, पत्र देशाच्या कोणत्या विभागात जायचं. पुढचे आकडे त्याला जवळ जवळ आणतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस दाखवतात. डीएनएसमध्येही अशीच टप्प्याटप्प्यानं विचारपूस होते, फक्त उजवीकडून डावीकडे. नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ असेल, तर सर्वांत वरचा मूळ सर्व्हर म्हणतो, “डॉट इनवाल्यांना विचार.” डॉट इनची नोंदवही भारतात निक्सी ही संस्था सांभाळते. तिथे उत्तर मिळतं, “या शाळेची माहिती अमुक नेमसर्व्हरकडे आहे.” आणि तो नेमसर्व्हर शेवटी क्रमांक सांगतो. हे सारं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच!

मला कामं दोनच होती. जिथे नाव विकत घेतलं, तिथे नेमसर्व्हरची नावं लिहायची. ती निदान दोन तरी देतात, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. मग नेमसर्व्हरच्या पानावर आपल्या नावापुढे क्रमांक भरायचा. या नोंदीला ‘ए रेकॉर्ड’ म्हणतात. २५ तारखेला संध्याकाळी घाईघाईत मी शेवटी २५ ऐवजी ५२ लिहिले! शाळेत उघडून पाहिलं, तर काहीच दिसेना. रात्री चूक सापडली, दुरुस्तही केली. म्हटलं, झालं काम.

सकाळी सगळं गाव जमलेलं, आणि पडदा कोराच. “बाई, उघडतच नाही!” मुलांचे चेहरे बघवेनात. तेवढ्यात त्या मुलीनं आजोबांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “अगं, दिसलं की! रोहिताचे पाय काय लांब काढलेस!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नोंदीजवळ एक वेळ लिहिलेली असते, ‘टीटीएल’. माझ्या नोंदीत ती ८६४०० सेकंद होती, म्हणजे पुरते २४ तास. एकदा मिळालेलं उत्तर इंटरनेट कंपनीचा सर्व्हर तेवढा वेळ लक्षात ठेवतो, पुन्हा पुन्हा विचारत बसत नाही. शाळेच्या कनेक्शननं आदल्या संध्याकाळीच चुकीचा क्रमांक पाठ केला होता. आजोबांच्या मोबाइल कंपनीनं मात्र आमचं नाव पहिल्यांदाच विचारलं, दुरुस्तीनंतर. म्हणून त्यांना खरा क्रमांक मिळाला. मग आजोबांच्याच कंपनीचं सिम असलेल्या एका पालकांच्या मोबाइलवर वही उघडली आणि तो मोबाइल हातोहात सगळीकडे फिरला. संध्याकाळी शाळेतही वही आपोआप दिसू लागली.

पालकहो, तुम्ही कधी वेबसाइट सुरू केलीत, तर पहिल्या दिवशी टीटीएल ३०० सेकंद ठेवा. चूक झाली तरी पाच मिनिटांत विसरली जाईल. सगळं नीट चाललं की मग वाढवा. क्रमांक दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आणि नावाची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा; मुदत संपली की नाव हातचं जाऊ शकतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उद्योग. घरातलं जुनं पाकीट काढा. पिनचा एकेक आकडा झाकत जा आणि पत्र कुठपर्यंत पोचेल ते सांगा. मग आई-बाबांच्या मदतीनं कॉम्प्युटरवर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देऊन एखाद्या वेबसाइटचा क्रमांक शोधा. वहीत उतरवताना मात्र दोनदा तपासा हं. नाहीतर तुमच्या बाईंसारखं व्हायचं!