७७७६ की ३२६४?

"अल्जिब्राइक जॉमेट्रीच्या वर्कशॉपला मेकॅनिकलवाला कशाला?" रूममेटचा प्रश्न रास्त होता. मी गेलो ते प्रोजेक्टमुळे. फोर-बार मेकॅनिझमची समीकरणं सोडवताना प्रोग्रॅम काही भलतीच उत्तरं द्यायचा आणि मी ती गुपचूप गाळायचो. व्हायव्हात कुणी 'का गाळली?' विचारलं असतं तर माझी दांडी गुल!

पहिले दोन तास सगळं डोक्यावरून गेलं. मग एका सरांनी साधा प्रश्न घातला: पाच शांकव (वर्तुळ, लंबवर्तुळ वगैरे) दिलेत; त्या पाचही जणांना स्पर्श करणारे शांकव किती?

शांकवाच्या समीकरणात सहा सहगुणक असतात. सगळ्यांना एकाच संख्येने गुणलं तरी शांकव तोच राहतो, म्हणून मोकळे फक्त पाच. स्पर्शाची प्रत्येक अट म्हणजे सहगुणकांमधलं सहाव्या घाताचं समीकरण. अशी पाच समीकरणं. बेझूच्या नियमाने घातांचा गुणाकार करा, उत्तर ७७७६. श्टाइनरने १८४८ मध्ये हेच सांगितलं होतं.

आणि ते चूक होतं! एखादी रेषा स्वतःवरच पुन्हा ठेवली, म्हणजे रेषेच्या समीकरणाचा वर्ग केला, तर तोही कागदोपत्री शांकवच. ही 'दुहेरी रेषा' कुठल्याही शांकवाला छेदते तिथे दोन मुळं एक होतात, आणि समीकरणाला वाटतं स्पर्श झाला. अशा रेषा अनंत, आणि त्या पाचही अटी पाळतात. उकली अनंत झाल्या की बेझूचा हिशेब लागू पडत नाही. शालने १८६४ मध्ये खरा आकडा काढला: ३२६४. यात काल्पनिक उकलीही धरल्यात. पण १९९७ मध्ये रोंगा, टोन्योली आणि व्ह्यूस्ट यांनी दाखवलं की पाच शांकव नीट निवडले तर सगळ्याच्या सगळ्या ३२६४ वास्तव येतात.

आमच्या ब्रँचचंही उदाहरण आहे. दिलेल्या नऊ बिंदूंतून जाणारे फोर-बारचे कपलर-वक्र किती? वॅम्प्लर, मॉर्गन आणि सॉमीस यांनी १९९२ मध्ये कॉम्प्युटरवर मोजले: १४४२, काल्पनिक धरून. त्यांनाही आधी मोडक्या उकली वेगळ्या काढाव्या लागल्या.

होस्टेलवर येऊन मी गाळलेली उत्तरं परत काढली. प्रत्येकात एका लिंकची लांबी शून्य! समीकरणं खोटं बोलत नव्हती. 'लिंक असलीच पाहिजे' हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. आता ती यादी रिपोर्टमध्ये आहे, कारणासकट.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री नको असलेलं उत्तर खोडण्याआधी त्याला एकदा विचारा, 'बाबा रे, तू आलास कुठून?'