वाढत्या वयाचें ताट

मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांतील पंधरा वर्षांची एक मुलगी प्रार्थनेच्या वेळीं भोवळ येऊन पडली. चौकशीअंतीं कळलें कीं, मैत्रिणी ‘जाडी’ म्हणून चिडवीत, म्हणून तिनें महिनाभर रात्रीचें जेवण सोडलें होतें. तें चिडविणें माझ्या कानांवर आलें होतें. थट्टा समजून मीं तिकडे दुर्लक्ष केलें, याची खंत अजून वाटते.

वाढत्या वयांत शरीर उंची, हाडें व रक्त हीं एकाच वेळीं घडवीत असतें. म्हणून मुलांचें वजन नुसत्या कांट्यावर न पाहतां वय व उंची यांच्याशीं ताडून पाहावें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणें तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस रोज ३० मिलिग्रॅम लोह व १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवें. उपाशी राहून तें कोठून मिळणार?

त्यासाठीं नाचणीची भाकरी, वरण, दूध-ताक व पालेभाजी ताटांत असावी. भाजीवर लिंबू पिळल्यास तींतील लोह अधिक अंगीं लागतें. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र त्याला आडवा येतो. वजन खरोखरच अधिक असल्यास गोड पेयें व तळलेले पदार्थ कमी करावेत, रोज तासभर खेळावें आणि वैद्यांचा सल्ला घ्यावा. जेवण सोडूं नये.

आणि पालकहो, मुलांच्या अंगलटीची थट्टा घरांत कधींही होऊं देऊं नका. जेवण सुटण्याचें मूळ पुष्कळदां तेथेंच असतें.