जुना टायर, फाटकी गादी आणि अंगातली ताकद

पावसात भिजत काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. २००१ साली नागपुरात हे दृश्य हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पाहिले आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पुढे तो ‘स्लम सॉकर’ म्हणून देशभर गेला. २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली.

खेळ बादलीनेही सुरू होतो. अडते ते पुढे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला रेटून बाहेर काढायचे, फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा लावून चेंडू राखायचा, तर पाय, कंबर आणि पाठ भक्कम हवी. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर पुढच्या फळीतल्या खेळाडूंचे कामच समोरच्याला रेटणे असते. त्यांच्या सरावाला वजन लादलेली लोखंडी ढकलगाडी आणि जाड गादीच्या ढाली असतात. त्या विकत घेणे आपल्या वस्तीतल्या मंडळांना परवडत नाही, पण तोच सराव घरच्या सामानावर होतो. आम्ही मुलांसोबत करून पाहिलेल्या चार गोष्टी इथे देत आहोत.

ओढायचा टायर

कारचा जुना टायर पंक्चरवाल्याकडे किंवा भंगारात मिळतो. कडेतून तार बाहेर आलेला टायर घेऊ नका. टायरला ३ ते ४ मीटर मजबूत दोर बांधा. दोर आखूड असला तर टायर टाचेवर आदळतो. दुसरे टोक कमरेला थेट बांधू नका, ते काचते. भंगारातला गाडीचा सीटबेल्ट किंवा चार पदरी घडी घातलेली जुनी चादर पट्ट्यासारखी वापरा. जड करायचे असेल तर टायरच्या मधोमध वाळूची थैली ठेवून बांधा. मातीच्या मैदानावरच ओढा, रस्त्यावर नाही.

रेटायची गादी

कापसाची जुनी गादी दुहेरी दुमडा, सुतळीने आवळून बांधा आणि वरून ताडपत्री किंवा रेक्झिन शिवून घ्या. मागच्या बाजूला जाड पट्टीच्या दोन मुठी लावा. एकाने मुठी धरून पाय रोवून उभे राहायचे, दुसऱ्याने गादी रेटायची.

रेटताना गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर आणि पावले छोटी हवीत. जो खाली वाकून रेटतो त्याचा जोर पायांतून येतो. जो ताठ उभा राहतो त्याचा सगळा भार कमरेवर पडतो. तळहात आणि खांदा लावा, डोके कधीही लावू नका. मान खाली घालून डोक्याने धडक दिली तर मानेच्या मणक्याला इजा होऊ शकते, आणि ती जन्मभराची असू शकते.

वाळूची थैली

कोरडी वाळू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक भरून चिकटपट्टीने बंद करा आणि जुन्या जीन्सच्या पायात घालून दोन्ही तोंडे शिवा. एक लिटर कोरडी वाळू साधारण दीड किलो भरते. तरी अंदाजावर राहू नका, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून थैलीवर लिहून ठेवा. जी थैली बारा-पंधरा वेळा नीट उचलता येते, तीच आपली थैली. वाढत्या वयाच्या मुलांनी ‘जास्तीत जास्त किती’ ही पैज लावू नये.

फक्कीची शिडी

चपळाईसाठी जमिनीवर फक्कीने १० चौकोन आखा, प्रत्येकी साधारण ४५ सेंटिमीटरचे. त्यांतून पावले भराभर टाकायची. खर्च जवळपास शून्य.

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. आधी दहा मिनिटे हलके धावणे, मग १५ मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे विसावा. रोज जोर लावला तर स्नायूंना भरून यायला वेळच मिळत नाही.

स्वस्त, पण धोक्याचे नको

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सळईच्या दोन्ही टोकांना सिमेंट भरलेले डबे लावून वजन तयार केले. महिनाभर चालले. एके दिवशी सिमेंटला तडा गेला आणि डबा पायावर पडला. दीड महिना प्लास्टर. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव तोंडावर होती, ती हुकली. दोष गरिबीचा नव्हता, जोडणीचा होता. जे वजन पायावर किंवा डोक्यावर पडू शकते, ते मऊ असावे. म्हणून वाळू बरी, सिमेंट आणि दगड नको. भिंतीत ठोकलेल्या पाईपला लटकणेही टाळा.

टायरची आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडतात. टायरच्या दोन्ही बाजूंना भोके पाडा आणि सरावानंतर तो छताखाली ठेवा. ताकद कमावताना वस्तीत ताप वाटायचा नाही.

शेवटी आपले ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत सराव सकाळी सातच्या आत संपवा. खूप घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. सरावात मूल बरळू लागले, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पहिल्या आठवड्यात फक्त टायर करा. तो नीट ओढता आला की गादी शिवायला घ्या. आणि गादी शिवून देणाऱ्या आईला एकदा मैदानावर बोलवा. आपली गादी कोण रेटते, हे तिलाही बघू द्या.